नार्नियाचा सिंह आणि आपली मुलं: वाचनालयाच्या कार्यकारिणीस खुले पत्र

माननीय अध्यक्ष, कार्यवाह आणि कार्यकारिणीचे सर्व सदस्य यांस,

स. न. वि. वि.

नाताळच्या सुट्टीत बालविभागातर्फे दाखवायचा ठरलेला, नार्निया नावाच्या जादूच्या देशाच्या गोष्टीवरचा पहिला चित्रपट ‘काही पालकांच्या भावना लक्षात घेऊन’ रद्द केल्याची सूचना आपण फलकावर लावलीत. दर शनिवारी या विभागात मुलांना गोष्टी सांगण्याचं काम माझ्याकडे आहे. भर पावसाळ्यापासून मी हीच गोष्ट थोडी थोडी करून मराठीतून सांगत आले. मुलांना ती तोंडपाठ झाली आहे आणि आता ती पडद्यावर बघायची म्हणून ती दिवस मोजत होती. निर्णय त्यांच्यासाठी घेतला गेला, पण कारण त्यांना कुणी सांगितलं नाही. ते मला विचारतात. म्हणून बैठकीत तोंडी बोलण्याऐवजी हे पत्र सर्वांसमोर लिहिते आहे.

पालकांचा आक्षेप असा की ही ख्रिस्ती धर्माची गोष्ट आहे, सिंहाच्या रूपात येशू दाखवला आहे आणि मुलांच्या मनावर नकळत तोच ठसणार. त्यावर चित्रपटाच्या बाजूचे काहीजण म्हणाले की तसं काही नाही, ही साधी जादूची गोष्ट आहे. मी चित्रपटाच्या बाजूची आहे, पण हे उत्तर मला मान्य नाही, कारण ते खरं नाही. आक्षेप घेणाऱ्या पालकांनी गोष्ट बरोबर ओळखली आहे. खोटं सांगून चित्रपट वाचवायचा आणि मुलं मोठी झाल्यावर त्यांनी आपल्याला पकडायचं, हे मला नको.

ज्यांनी गोष्ट वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. सी. एस. लुईस हे ऑक्सफर्डला इंग्रजी साहित्य शिकवत. ‘द लायन, द विच अँड द वॉर्डरोब’ हे त्यांचं पुस्तक १९५० साली आलं, आणि १९५६ पर्यंत नार्नियाची सात पुस्तकं झाली. पहिल्यावर अँड्र्यू अ‍ॅडमसन यांनी २००५ मध्ये चित्रपट केला. महायुद्धाच्या काळात लंडनहून खेड्यात पाठवलेली चार भावंडं एका जुन्या कपाटातून बर्फाच्या देशात पोचतात. तिथे चेटकिणीचं राज्य आहे, कायम हिवाळा आहे आणि नाताळ कधीच येत नाही. चौघांतला एडमंड मिठाईच्या लोभाने चेटकिणीला फितूर होतो. त्या देशाचा जुना कायदा असा की फितुराच्या रक्तावर चेटकिणीचा हक्क. तो हक्क ती मागते, आणि नार्नियाचा खरा राजा असलेला अस्लान नावाचा सिंह मुलाच्या जागी स्वतःला देतो.

रात्री तो एकटा निघतो. दोघी बहिणी त्याच्या मागोमाग जातात. तो त्यांना परत पाठवत नाही, उलट आयाळीत हात ठेवून थोडं सोबत चला म्हणतो. मग चेटकिणीची माणसं त्याला बांधतात, त्याची आयाळ भादरतात, त्याला हसतात आणि दगडी मेजावर मारतात. मुली झुडपाआडून सगळं बघतात आणि रात्रभर प्रेताजवळ बसून राहतात. उंदीर येऊन दोऱ्या कुरतडतात. सूर्य उगवताना मेज दुभंगतं आणि सिंह जिवंत समोर उभा राहतो.

पकडला जाण्याआधीची गेथसेमनीच्या बागेतली येशूची रात्र, शिपायांनी केलेली थट्टा, क्रूस आणि रविवारी पहाटे कबरीपाशी आलेल्या बाया, हे सगळं यात जागच्या जागी आहे. चित्रपटाने तर एक पाऊल पुढे टाकलं आहे. चेटकीण मेल्यावर अस्लान ‘पूर्ण झालं’ अशा अर्थाचे मोजके शब्द बोलतो. ते पुस्तकात नाहीत. बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानात क्रूसावरच्या येशूच्या तोंडी ते आहेत. ज्याने ते घातले त्याने जाणूनबुजून घातले. अमेरिकेत या चित्रपटाची जाहिरात चर्चमार्फतही झाली होती. हे लपवण्यात अर्थ नाही.

पण लुईस यांनी धर्म शिकवायचं ठरवून मग त्यावर गोष्टीचं कातडं चढवलं असं मात्र झालेलं नाही. त्यांनीच लिहून ठेवलंय की सुरुवात एका चित्राने झाली. बर्फातल्या रानातून छत्री आणि सामानाची पुडकी घेऊन चाललेला, बकऱ्याच्या पायांचा फॉन. हे चित्र वयाच्या सोळाव्या वर्षापासून त्यांच्या डोक्यात होतं, आणि त्या वयात ते नास्तिक होते. देवावरचा विश्वास परत आला तिशीत. १९३१ साली ऑक्सफर्डच्या मॉडलिन कॉलेजच्या आवारात टॉल्किन आणि ह्यूगो डायसन या मित्रांशी रात्री उशिरापर्यंत झालेल्या बोलण्यानंतर ते ख्रिस्ती श्रद्धेकडे वळले. गोष्ट लिहायला घेतल्यावर सिंह त्यात आपणहून शिरला, असं ते सांगत. याला रूपक म्हणू नका, असाही त्यांचा आग्रह होता. त्यांची कल्पना अशी की नार्नियासारखं जग असतं आणि आपल्या जगात जो माणूस होऊन आला तो तिथे सिंह होऊन गेला असता, तर काय झालं असतं? निरनिराळ्या जगांत देव निरनिराळ्या देहाने येतो, ही कल्पना कळायला कोकणातल्या मुलाला कुणी शिकवणी लावावी लागत नाही.

आता पालकांच्या भीतीविषयी. ती भीती हवेतून आलेली नाही. आपल्यापैकी कितीतरी घरांचे कुलदेव गोव्यात आहेत, आणि ते आज जिथे आहेत ती त्यांची मूळ जागा नव्हे. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी साष्टी-बारदेशातली देवळं पाडली तेव्हा मंगेश कुशस्थळीहून प्रियोळला गेला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला गेली. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्माविरुद्ध वागणाऱ्यांना शिक्षा देणारं चर्चचं न्यायालय, बसलं. माणसं रातोरात खाड्या ओलांडून निघाली, त्यातली काही आपल्या बाजूला स्थिरावली. आजी-पणजीकडून हे ऐकत वाढलेल्या माणसाला क्रूसाची खूण दिसली की तो सावध होतो. त्याला संकुचित म्हणून मोकळं होणं सोपं आहे. मी तसं म्हणणार नाही.

पण त्याच गोव्यात, त्याच काळात आणखी एक गोष्ट झाली, आणि ती आपल्या वाचनालयाच्या कपाटात आहे. फादर थॉमस स्टीफन्स नावाचा, जेझुइट या कॅथलिक पंथातला इंग्रज धर्मगुरू १५७९ मध्ये गोव्यात आला. तो इथली भाषा शिकला आणि येशूचं चरित्र त्याने ओवीत रचलं. १६१६ साली छापलेलं ते ‘क्रिस्तपुराण’. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांपासून त्यांची जुनी पुराणं तोडली गेली होती आणि त्यांना तसंच काहीतरी वाचायला हवं होतं. ग्रंथ प्रचारासाठीच लिहिला गेला, यात शंकाच नाही. तरी त्यात मराठीची जी स्तुती आहे ती आपण शाळेत पाठ केली आहे, आणि त्यामुळे आपल्यापैकी कुणी बाटलं नाही. देवळं पाडली ती सत्तेने, शिपायांनी, फर्मानांनी. मुलाच्या मनात आलेली गोष्ट हा वेगळा प्रकार आहे. तिच्यामागे शिपाई नाही. ती आवडली तर मूल ती ठेवतं, नाहीतर सोडून देतं. हा फरक मोठ्या माणसांनी विसरता कामा नये.

आपल्या मुलांना काय झेपतं याचा अंदाज आपण फार कमी धरतो, असं मला वाटतं. हे जत्रांचे दिवस आहेत. तुळशीचं लग्न लागलं की दशावतारी कंपन्या गावोगाव निघतात आणि ही मुलं रात्र रात्र देवळाच्या आवारात बसून नाटक बघतात. आडदशावतारात, म्हणजे मुख्य आख्यानाआधीच्या भागात, काळा संकासूर लाल जीभ काढून येतो तेव्हा पुढच्या रांगेतली चिल्लीपिल्ली किंचाळतात आणि तो विंगेत गेला की पुन्हा कधी येणार म्हणून विचारतात. रंगमंचामागे तोंडाला रंग लावत बसलेला बाप्या थोड्या वेळाने पार्वती होऊन बाहेर येतो, हे त्यांनी पडद्याच्या फटीतून पाहिलेलं असतं. तरी पार्वती रडली की त्यांना रडू येतं. सोंग म्हणजे काय आणि सोंगातून येणारं खरं म्हणजे काय, हे या मुलांना ठाऊक आहे. आरवलीच्या वेतोबाला भल्यामोठ्या चपला का वाहतात, ते विचारून बघा त्यांना. देव रात्री गावातून फिरतो, चपला झिजतात, हे ती सहज सांगतील. आणि त्याच सहजतेने, शेजारच्या घरातला ख्रिस्ती मित्र असं मानत नाही हेही सांगतील.

अस्लानची ओळख करून दिली त्या दिवशी एक मुलगा म्हणाला, ‘म्हणजे तो थयचो राखणदार.’ राखणदार म्हणजे आपल्याकडे गावाची राखण करणारा देव. मला यापेक्षा नेमकं सांगता आलं नसतं.

मेजाच्या प्रसंगापाशी आलो तेव्हा साहजिकच नरसिंह निघाला. मुलांनीच काढला, मी नाही. हिरण्यकशिपूने वर मागून घेतला होता: माणसाकडून नाही, पशूकडून नाही, दिवसा नाही, रात्री नाही, घरात नाही, बाहेर नाही. त्याला वाटलं, आता सगळ्या वाटा बंद. देव संध्याकाळच्या वेळी उंबरठ्यावर, अर्धा माणूस आणि अर्धा सिंह होऊन आला, म्हणजे वराचा एकही शब्द न मोडता. इकडे चेटकीणही कायद्यावर बोट ठेवून बसली आहे. तिला जुना कायदा पाठ आहे, पण त्याच्याही आधीचा एक नियम आहे तो तिला ठाऊक नाही: निरपराध जीवाने आपणहून फितुराच्या जागी मरण पत्करलं तर मेज फुटेल आणि मरण उलटं फिरू लागेल. दोन्ही ठिकाणी दुष्टाला नियमाचे शब्द माहीत आहेत, नियमाचा तळ माहीत नाही. हे एका पाचवीतल्या मुलीने आपल्या भाषेत सांगितलं आणि मी थक्क झाले.

मग खरी चर्चा सुरू झाली, कारण पुढे दोन्ही गोष्टी वेगळ्या होतात. नरसिंह मारतो. अस्लान मरतो. प्रल्हाद निरपराध होता, त्याला वाचवायला देव आला, हे सगळ्यांना पटलं. पण एडमंड तर चुकलेला होता, बहिणीशी खोटं बोलला होता, फितूर झाला होता. त्याच्यासाठी राजाने का मरायचं? काही मुलांचं म्हणणं पडलं की ज्याने केलं त्यानेच भोगायला हवं, आमच्या घरी असंच सांगतात. कुणी म्हणालं, मग त्याला सुधारायला वेळ कधी मिळायचा? एक मुलगा बराच वेळ गप्प होता. तो म्हणाला, ‘बाई, तेका म्हायत होता ना आपण परत जिवंत होतलंव म्हणान? मगे तो एवढो उदास कित्याक?’ या प्रश्नावर ख्रिस्ती धर्मपंडितांनी शतकानुशतकं ग्रंथ लिहिले आहेत. आपल्या वाचनालयाच्या सतरंजीवर तो एका नऊ-दहा वर्षांच्या मुलाने विचारला. रविवारी चर्चला जाणारी एक मुलगी त्या मुलांत आहे. ती त्याला एवढंच म्हणाली, ‘म्हायत असला तरी दुखताच ना.’

कर्म आणि क्षमा यांवरचं दोन धर्मांचं बोलणं यापेक्षा सभ्यपणे झालेलं मी मोठ्यांच्या सभेत ऐकलेलं नाही. कुणी कुणाला आपल्याकडे ओढलं नाही. घरी जाताना प्रत्येक मूल आपापल्या देवाचंच होतं, फक्त शेजारच्याचा देव त्याला जरा कळला होता. आपण जो कार्यक्रम रद्द केलात तो या चर्चेचा पुढचा भाग होता.

मधला मार्ग म्हणून एका सदस्यांनी सुचवलं की चित्रपट दाखवा, पण मेजाचा प्रसंग पुढे सरकवा. हेतू चांगला आहे, तरी मला हे रद्द करण्यापेक्षाही वाईट वाटतं. सिंह मेला का आणि उठला कसा हे काढून टाकलं तर उरतात फक्त लढाई आणि तलवारी. काही मिनिटांचं ते दृश्य हा गोष्टीचा प्राण आहे. आणि गोष्ट पाठ असलेल्या मुलांना कात्री कुठे लागली हे लगेच कळणार. तिथे काहीतरी वाईट होतं, असंच ती समजतील. शेजारच्या चर्चमधल्या मित्राचं जे सर्वांत पवित्र, त्याच्याविषयी.

आक्षेपच घ्यायचा तर तो कुठे घ्यावा हेही मी सांगते, कारण मी या पुस्तकांची आंधळी भक्त नाही. नार्नियाच्या दक्षिणेला कॅलॉर्मेन नावाचा देश आहे. तिथले लोक सावळे, फेटे बांधणारे, गुलाम बाळगणारे, आणि बहुतेक क्रूर. त्यांचा देव ताश. शेवटच्या पुस्तकात, १९५६ च्या ‘द लास्ट बॅटल’मध्ये, तो प्रत्यक्ष दिसतो: गिधाडाचं डोकं आणि चार हात. चार हातांचा देव म्हणजे राक्षस, हे चित्र इंग्रजी मुलांपुढे ठेवताना लुईस यांना आपल्यासारख्या वाचकांचा विचार करावासा वाटला नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. ते पुस्तक मी मुलांना सांगेन तेव्हा इथे थांबेन आणि हे चुकलंय असं स्पष्ट म्हणेन.

पण त्याच पुस्तकात एमेथ नावाचा तरुण कॅलॉर्मेनी सैनिक आहे. आयुष्यभर त्याने ताशची मनोभावे भक्ती केली. मरणापलीकडच्या देशात त्याची अस्लानशी गाठ पडते आणि आता आपण संपलो असं त्याला वाटतं. अस्लान त्याला जवळ घेतो आणि सांगतो की तू ताशची म्हणून जी खरी सेवा केलीस ती माझ्याकडे पोचली आहे. गीतेच्या नवव्या अध्यायात भगवान अर्जुनाला जवळजवळ हेच सांगतात: श्रद्धेने इतर देवतांना भजणारेही मलाच भजतात. या पानासाठी लुईस यांना कडव्या ख्रिस्ती वाचकांची बोलणी खावी लागली आहेत. धर्मप्रचारक म्हणून ज्याच्यावर आपण फुली मारतो आहोत तो माणूस प्रचारकांनाही पुरता पचलेला नाही.

हा वाद आपल्याच गावात उपटला असंही नाही. २००७ मध्ये ‘द गोल्डन कंपास’ हा मुलांचा चित्रपट आला, तेव्हा अमेरिकेतल्या कॅथलिक लीगने त्यावर बहिष्कार टाका म्हणून मोहीम काढली, कारण मूळ पुस्तकं लिहिणारे फिलिप पुलमन चर्चचे टीकाकार. निर्मात्यांनी आधीच चर्चवरची टीका पातळ केली होती. आक्षेप घेणारे तरीही गप्प बसले नाहीत, पुस्तकावर प्रेम करणारे नाराज झाले, आणि त्या मालिकेचा दुसरा चित्रपट निघालाच नाही. हॅरी पॉटरमध्ये जादूटोणा आहे म्हणून अमेरिकेतल्या ग्रंथालयांकडे इतक्या तक्रारी गेल्या की २००० ते २००९ या दशकात सर्वाधिक आक्षेप घेतलेल्या पुस्तकांत ती मालिका पहिली होती. त्या ग्रंथपालांपुढे जो प्रश्न होता तोच आज आपल्यापुढे आहे.

आणि आपल्या घरचं उदाहरण बघा. ‘श्यामची आई’ याच कोकणातली, पालगडची. आचार्य अत्र्यांनी १९५३ मध्ये त्यावर काढलेल्या चित्रपटाला पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालं. त्यात पूजा आहे, व्रतं आहेत, तुळस आहे, पानापानावर देव आहे. साने गुरुजींच्या श्रद्धेशिवाय ते पुस्तक उभंच राहणार नाही. आपल्या गावच्या ख्रिस्ती आणि मुसलमान घरांतली मुलं ते पिढ्यान्‌पिढ्या वाचत आली, रडत आली. त्यांच्या आईबापांनी कधी वाचनालयात येऊन ‘यात हिंदू धर्म आहे, काढून टाका’ असं म्हटलं नाही. त्यांनी जो विश्वास दाखवला त्याची परतफेड करायची ही वेळ आहे.

दुसऱ्या बाजूने आलेल्या एका सूचनेबद्दलही लिहिलं पाहिजे. चित्रपटाआधी कुणी धर्मगुरूंनी येऊन त्यातला खरा अर्थ मुलांना समजावून द्यावा, असं एका हितचिंतकाने सुचवलं. मला तेही मान्य नाही. अर्थ आधी सांगितला की गोष्ट मरते. अस्लानला आवाज देणारे लियाम नीसन यांनी २०१० मध्ये म्हटलं होतं की त्यांना या सिंहात येशूबरोबर बुद्ध आणि महंमद पैगंबरही दिसतात. त्यावर बरेच ख्रिस्ती लोक रागावले. लुईस यांच्या मनात येशूच होता हे उघड आहे, पण ऐकणाऱ्याच्या मनात कोण उभं राहावं हे लेखकाच्याही हातात उरत नाही. आमच्या मुलाला राखणदार दिसला. तो त्याला दिसू द्यावा.

शेवटी व्यवहाराचं. ग्रेटा गर्विग नार्नियावर नव्याने चित्रपट करत आहेत. ही मुलं आज ना उद्या हे सगळं मोबाइलवर, एकेकटी, कुणालाही काही न विचारता बघतीलच. वाचनालयात बघितलं तर शेजारी मित्र असेल, मागे आई-बाबा असतील, आणि बघून झाल्यावर प्रश्न विचारायला जागा असेल.

माझी विनंती अशी. चित्रपट सुट्टी संपायच्या आत, पूर्ण, कुठेही न कापता दाखवावा. पालकांना सोबत येण्याचं रीतसर निमंत्रण द्यावं. ज्यांना आपलं मूल पाठवायचं नाही त्यांच्यावर कसलाही आग्रह नको, आणि त्या मुलांना कुणी टोचून बोलू नये याची जबाबदारी माझी. संवाद इंग्रजीत असल्यामुळे मी मध्येमध्ये मराठीतून सांगेन. नंतर तासभर बोलणं होईल, त्यात आक्षेप घेणाऱ्या पालकांनी जरूर यावं आणि आपला आक्षेप मुलांसमोर मांडावा. मुलं ऐकून घेतात. आणि जानेवारीत आपल्याच भागातल्या एखाद्या दशावतारी कंपनीला बोलावून बालविभागासाठी प्रल्हादाचं आख्यान लावावं. खर्चासाठी वर्गणी काढायला मी दारोदार जायला तयार आहे.

प्रोजेक्टर आणि पडदा देणाऱ्यांनी येत्या रविवारपर्यंत तारीख राखून ठेवली आहे. त्याआधी बैठक घेऊन निर्णय कळवावा.

कळावे,

आपली,
बालविभागात शनिवारी गोष्टी सांगणारी एक सभासद